दरबारात पत्ते रंगवायला बसलेला राजा

आजकाल टेबलावर खेळायच्या खेळांच्या महागड्या डिलक्स आवृत्त्या लोक हौसेने जमवतात. सावंतवाडीला हे नवीन नाही. इथल्या गंजिफाच्या पत्त्यांत बारीक कलाकुसरीची ‘दरबारी कलम’ श्रीमंतांसाठी असायची, तर साधी ‘बाजार कलम’ इतरांसाठी.

या पत्त्यांना वाचवणारे शिवरामराजे भोसले १९२७ साली जन्मले. वडील बापूसाहेब महाराज १९३७ मध्ये गेले आणि लहानग्या शिवरामराजेंना गादी मिळाली. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं, पुढे ते आमदार झाले.

तोवर छापील पत्त्यांनी गंजिफाला बाजारातून हुसकावलं होतं. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराच्या हातात मात्र ही कला शिल्लक होती. राजे आणि राणी सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडे चक्क शिकायला बसले! १९७१ मध्ये राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झालं.

काम सोपं नव्हतं. दशावतारी संचात १२० गोल पत्ते. प्रत्येक अवताराचे बारा: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. प्रत्येक पत्ता हाताने रंगवायचा, वर लाखेचा थर द्यायचा. खेळाची गंमत म्हणजे दिवसा डाव रामाच्या राजापासून सुरू होतो, रात्री कृष्णाच्या.

राजे १९९५ मध्ये गेले. सत्त्वशीलादेवींनी २०१८ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, हे काम सांभाळलं. संस्थानचा कारभार चालायचा त्या दरबार हॉलमध्ये नंतर कारागीर पत्ते रंगवायला बसू लागले.