जिंकलेली ती केस

स्पीलबर्गचा ‘लिंकन’ पाहिला असेल, तर विग घातलेला, लंगडत चालणारा आणि भर सभागृहात समोरच्याची सालटी काढणारा म्हातारा खासदार आठवत असेल. टॉमी ली जोन्सने रंगवलेला. तो खराखुरा माणूस होता : थॅडियस स्टीव्हन्स.

जन्म १७९२चा, व्हरमाँटमधला. एक पाय जन्मतःच वाकडा. बाप घर सोडून गेला, आईने कष्टाने शिकवलं. डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन त्याने पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला वकिली थाटली आणि ती जोरात चालली.

आता ती केस. चॅरिटी बटलर ही मेरीलँडमधली गुलाम बाई. तिला शेजारच्या पेनसिल्व्हेनियात अधूनमधून आणलं जायचं. तिथला कायदा असा, की सहा महिने राज्यात ठेवलेला गुलाम मुक्त. तिच्या बाजूचं म्हणणं, सगळे मुक्काम मिळून सहा महिने भरतात. मालकाचा वकील होता स्टीव्हन्स. तो म्हणाला, मुक्काम सलग हवा. १८२१मध्ये तो जिंकला. चॅरिटी आणि तिची मुलं गुलामगिरीतच राहिली.

तुम्ही लॉला असाल तर म्हणाल, वकील अशिलासाठीच लढणार ना! बरोबर. पण नंतरचा स्टीव्हन्स बघा. पळून आलेल्या गुलामांसाठी तो फी न घेता उभा राहू लागला. राज्याच्या नव्या घटनेने काळ्यांचा मताधिकार काढला, तेव्हा त्याने त्या घटनेवर सहीच केली नाही. मध्येच, १८३५मध्ये, मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायच्या बेतात असताना एका भाषणाने त्याने तो वाचवला. शिक्षणासाठी आईने काय सोसलं, हे त्याने पाहिलं होतं.

यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याने त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला. तो बधला नाही. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, चौदावीने अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण दिलं. दोन्हींसाठी तो झटला. खरं तर त्याला याहून जास्त हवं होतं. दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांची जमीन काढून मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर द्यावी, ही त्याची मागणी. नुसतं स्वातंत्र्य देऊन पोट कसं भरणार? काँग्रेसने ते ऐकलं नाही, आणि माझ्या मते पुढची कितीतरी दुखणी तिथेच सुरू झाली. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली, त्यांत हा म्हातारा नक्कीच बसतो.

१८६८मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवर महाभियोग चालला. स्टीव्हन्स इतका खंगला होता, की त्याला खुर्चीत बसवून उचलून आणत. जॉन्सन एका मताने वाचला. ११ ऑगस्टला स्टीव्हन्स गेला.

पुरायचं कुठे, हे त्याने आधीच ठरवलं होतं. गोऱ्यांपुरत्या राखलेल्या दफनभूमी नाकारून त्याने लँकेस्टरमधली एक छोटी दफनभूमी निवडली. तिथे काळ्यांनाही जागा मिळत होती. कारणही त्याने थडग्यावरच कोरून घेतलंय.