लॉर्ड केन्स आणि पौंडाचा अस्त

अर्थशास्त्राच्या वर्गात केन्स हे नाव आपण बेकारी व सरकारी खर्च यांच्या संदर्भात ऐकतो. मला मात्र त्यांच्या चरित्रात अधिक मोलाची वाटते ती चलनाची कथा.

जॉन मेनार्ड केन्स यांचा जन्म ५ जून १८८३ रोजी केंब्रिज येथे झाला. शिक्षणानंतर १९०६ मध्ये ते लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीस लागले. हिंदुस्थानात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. तरी १९१३ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक निघाले ते हिंदी चलनावरच! रुपया पौंडाच्या आधाराने स्थिर राखण्याच्या पद्धतीची त्यांनी त्यात भलामण केली. पुढे १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या रुपयाविषयीच्या ग्रंथात या मताचे खंडन केले. रुपये पाडण्याची मोकळीक सरकारच्या हाती राहिली तर रुपयाचे मोल टिकणार नाही, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

१९२५ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी एका पौंडास ४.८६ डॉलर या युद्धपूर्व दराने सुवर्णमान पुन्हा आणला. प्रतिष्ठेपायी निर्यात महागेल व मजुरांच्या वेतनावर गदा येईल, असा इशारा केन्स यांनी दिला होता. १९३१ मध्ये इंग्लंडला सुवर्णमान सोडावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात पौंड खंगला. तेव्हा केन्स यांनी ‘बँकॉर’ या आंतरराष्ट्रीय चलनाची योजना मांडली. कोणा एका देशाचे नाणे जगाचे नाणे असू नये आणि ऋणको देशाबरोबर धनको देशानेही समतोलाचा भार उचलावा, हे तिचे सार. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रे जमली. पण धनको अमेरिकेचे प्रतिनिधी व्हाइट यांचीच योजना वरचढ ठरली. डॉलर सोन्याशी आणि इतर चलने डॉलरशी बांधली गेली.

हृदयविकाराने जर्जर झालेले केन्स १९४५ मध्ये पुन्हा वॉशिंग्टनला गेले. त्यांना देणगी हवी होती. मिळाले ते ३७५ कोटी डॉलरचे कर्ज, तेही पौंड डॉलरमध्ये बदलून देण्याच्या अटीवर. २१ एप्रिल १९४६ रोजी ते निवर्तले. १९४७ च्या जुलैत ती अट अमलात आली आणि डॉलरची गंगाजळी इतक्या वेगाने आटली की ऑगस्टमध्येच ती स्थगित करावी लागली.

१९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले. डॉलरचे वर्चस्व मात्र टिकले. पौंडाची सद्दी होती तेव्हा त्या व्यवस्थेची पाठराखण करणाऱ्या केन्स यांना तिच्यातला अन्याय स्वतःचा देश ऋणको झाल्यावर उमगला, असे मला वाटते. रुपयावाल्या आपल्याला तो आधीपासूनच ठाऊक होता.