सरखेल कान्होजी आंग्रे आणि त्यांची गुराब

कान्होजी आंग्रे यांचे चरित्र बहुधा लढायांच्या यादीतून सांगितले जाते. ज्या जहाजांच्या बळावर त्या लढाया जिंकल्या गेल्या ती बांधणीने कशी होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आता संगणकावर जुन्या युद्धनौकांच्या प्रतिकृती रचता येतात. अशी एखादी गुराब रचायला बसणाऱ्यापुढे मात्र पहिल्याच पायरीवर हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचे उत्तर शोधू लागले की जहाजाबरोबर त्याचा धनीही उमगू लागतो.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या चाकरीत होते. मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी गावावरून ते आंग्रे झाले. सुवर्णदुर्गाच्या परिसरात वाढलेल्या या मुलाने दर्या लहानपणीच ओळखला. १६९८ च्या सुमारास त्यांच्याकडे सरखेलीची वस्त्रे आली. मोगलांशी चाललेल्या झुंजीत मराठी राज्य तेव्हा टेकीस आले होते. अशा काळात कान्होजींनी किनाऱ्यावरील जलदुर्ग राखले. पुढे शाहू आणि ताराबाई यांच्या कलहात ते प्रथम ताराबाईंच्या बाजूस होते. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहूंच्या पक्षात आणले. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही त्यांची बलस्थाने होती. आपला तारापूर ते वसईचा किनारा मात्र त्यांच्या हयातीत पोर्तुगीजांच्या ताब्यातच राहिला.

सरखेलांचे दस्तक घेतल्याखेरीज व्यापारी जहाजाने या पाण्यातून जाऊ नये, असा त्यांचा दंडक होता. पोर्तुगीजही आपल्या परवान्यांची अशीच सक्ती करीत. पण इंग्रजांच्या कागदांत चाचा ठरले ते कान्होजी. दर्या कोणाचा, हाच खरा वाद होता.

हा दंडक राबवणारे हत्यार म्हणजे गुराब. तिचे सर्वांत तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. ते कान्होजींच्या नंतरच्या पिढीतले असले, तरी आंग्र्यांच्याच आरमाराचे आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ आणि तळ उथळ. त्यामुळे जेथे विलायती जहाज रुतेल अशा खाडीतही ती सहज शिरे. पुढचा भाग निमुळता होत चोचीसारखा पाण्यावर पुढे आलेला असे. या चोचीमुळे समोरच्या लाटांत गुराब फार आपटे. म्हणून चोचीवरील फळ्यांना कठडाच ठेवीत नसत. आलेले पाणी अडथळ्यावाचून वाहून जाई. चोचीच्या मागे आडवी भिंत आणि तिच्या झरोक्यांतून समोर रोखलेल्या ९ ते १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा. दिसायला उणीव वाटणारी ही रचना मोठ्या हिशेबाने केलेली होती.

तो हिशेब लढाईत कळे. विलायती जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत. गुराबा त्याच्या पिछाडीला जमत आणि समोरच्या तोफांनी डोलकाठ्यांवर मारा करीत. वारा पडला की ४०-५० वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून नेत. मोठे जहाज मात्र जागच्या जागी खिळून राही. उघड्या समुद्रात सरळ झुंज घेण्यापेक्षा किनारा, वारा आणि खाडी यांना आपल्या बाजूने लढवायचे, ही कान्होजींची नीती त्यांच्या जहाजाच्या लाकडातच उतरली होती.

इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर चाल केली. दोन्ही वेळा हात हलवीत परतले. १७२० मध्ये त्यांनी विजयदुर्गासाठी फ्राम नावाचा जाड भिंतींचा तरंगता तोफखाना आणला. पण त्याचे झरोके असे बांधले गेले होते की तोफांची तोंडे पुरेशी वर होईनात. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेही फसले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले तेव्हा त्यांचा एकही मोठा जलदुर्ग शत्रूला घेता आला नव्हता.

हे आरमार पुढे टिकले नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गावर केलेल्या हल्ल्यात कान्होजींचे पुत्र तुळाजी यांची जहाजे जळून गेली. या स्वारीत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूस होती, हे अधिक दुःखाचे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने १८१७ मध्ये बांधलेले ट्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही उभे आहे. त्याची फळी न् फळी मोजून प्रतिकृती करता येते. गुराबेच्या बाबतीत मात्र बरीचशी भिस्त शत्रूच्या लेखणीवर ठेवावी लागते.

तरीही ती रचून पाहावी. शत्रूने धन्याला चाचा म्हटले. पण जहाजाचे वर्णन करताना त्याच शत्रूला त्याची हुशारी लपवता आली नाही. चोच, उथळ तळ, समोरच्या तोफा एकत्र जुळल्या की त्या अनाम सुतारांचे ज्ञान आणि त्यावर विसंबणाऱ्या सरखेलांची बुद्धी दोन्ही पुन्हा दिसू लागतात. मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ पासून आंग्रे हे नाव आहे. नाव जपले गेले. आता जहाजही ओळखीचे व्हायला हवे.