घरचा हौद खुला करणारे जोतीराव

चैत्र लागला की आपल्याकडं हंडे-कळशांच्या रांगा लागतात. पण एके काळी कित्येकांना त्या रांगेत उभं राहायचीसुद्धा मुभा नव्हती. ती ज्यांनी मिळवून दिली, त्यांत जोतीराव फुले यांचं नाव फार वरचं.

जन्म १८२७ चा. घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या धंद्यावरून फुले पडलं. १८४८ ची मुलींची शाळा सर्वांना ठाऊक आहे, ती इथं सांगत बसत नाही.

कात्रजच्या तलावाचं पाणी तेव्हा पुण्यातल्या हौदांत येई. महार-मांगांना मात्र पाणवठ्याला हात लावायची बंदी. मडकं खाली ठेवायचं, लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतील तेवढं न्यायचं. भर उन्हात बायकापोरं ताटकळत. जोतीरावांनी १८६८ साली गंज पेठेतला आपल्या घरचा हौद या लोकांना मोकळा केला. तोंडानं समता सांगणारे तेव्हाही कमी नव्हते. स्वतःच्या दारातलं पाणी देणं निराळं. शाळेपायी वडिलांचं घर १८४९ सालीच सुटलेलं, त्यामुळं जातवाल्यांच्या रोषाची त्यांना नवलाई उरली नव्हती. आज टँकर आधी कुठल्या आळीत थांबतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला ही गोष्ट काही फार जुनी वाटायची नाही.

जोतीराव नुसते सुधारक नव्हते. सरकारी बांधकामांची कंत्राटं घेत, पुण्याजवळ मांजरीला शेती करीत. म्हणून १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात पाण्याचा हिशेब पक्का आहे. पाणीपट्टी वसूल होते, पण पाणी वेळेवर पोचतं का, हे अंमलदार बघत नाहीत, असा त्यांचा रोख. ताली-बंधारे असे घाला की पावसाचं पाणी आधी शेतात मुरावं, मग ओढ्याला जावं. त्या कामाला लष्कर-पोलिसांतली माणसं लावा. तळ्यांतला गाळ काढा, जमिनीतले झरे शोधा, असं ते सरकारला सुचवतात. पुढं आपण ज्याला पाणलोट म्हणू लागलो, ते हेच की!

जोतीराव १८९० साली वारले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ ला झाला. तरी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायला डॉ. आंबेडकरांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.