पत्रलेखक वजीर महमूद गावान

इराणातील गिलान प्रांताचा महमूद गावान १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून बिदरला आला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. सर्जनशील माणसाच्या ठायी परस्परविरोधी वाटणारे गुण एकत्र नांदतात, याची साक्ष त्याचे चरित्र देते. हिशेबी बुद्धीने त्याने जमिनीची मोजणी करविली, चार सुभ्यांचे आठ केले; त्याच हाताने ‘रियाज-उल-इन्शा’ हा फारसी पत्रसंग्रह आणि लेखनकलेवरील ‘मनाझिर-उल-इन्शा’ हा ग्रंथ सिद्ध केला. स्वतःसाठी तो काटकसरी, विद्येसाठी मात्र उदार होता. १४७२ मध्ये त्याने बिदरला तीन मजली मदरसा उभारला. तेथील ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती, असे सांगतात.

सुधारणांनी दुखावलेल्या सरदारांनी त्याच्या मुद्रेचा कोरा कागद मिळवून त्यावर राजद्रोहाचे पत्र लिहविले. सुलतान तिसऱ्या मुहम्मदशाहाने शहानिशा न करताच एप्रिल १४८१ मध्ये त्याचा वध करविला. ज्याने पत्रलेखनाला कलेची प्रतिष्ठा दिली, त्याचा घात बनावट पत्राने झाला. पुढे बहमनी राज्य फुटले. औरंगजेबाच्या काळातील दारूच्या स्फोटाने मदरशाचा मोठा भाग कोसळला. परंतु उरलेल्या मिनारावरील रंगीत फरशा त्या ग्रंथप्रेमी वजिराची ओळख आजही सांगतात.