पडदे रंगवणारे कोल्हापूरचे बाबूराव

धान निघालं, चुरणी झाली, दिवाळी सरली की आपल्या तिरोडा भागात मंडया सुरू होतात. मंडईच्या रात्री नाटक असतंच. आपण नाटक पाहतो, नटाला दाद देतो, पण त्याच्या मागं टांगलेल्या पडद्याकडे कोण बघतो? राजवाडा, जंगल, गावचा रस्ता, तुरुंग हे सगळं कुणीतरी हातानं रंगवलेलं असतं. तीच गत तांदळाच्या थैलीवरच्या चित्राची आणि बिडीच्या कट्ट्यावरच्या छापाची. माल आपण घेतो, चित्र काढणाऱ्याचं नाव विचारत नाही.

आज ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांच्या बाबतीत मात्र उलटं झालं. कामाचंच नाव आडनाव होऊन बसलं. मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. लोक म्हणू लागले बाबूराव पेंटर, आणि तेच कायम राहिलं.

३ जून १८९० रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. घर कारागिराचं. वडिलांच्या हातात कला होती, ती पोराच्या हातात उतरली. चित्रकलेच्या शाळेत जाऊन ते शिकले नाहीत, बघून-बघून आणि करून-करून शिकले. त्या काळी कोल्हापुरात शाहू महाराजांचं राज्य. गायक, मल्ल, चित्रकार, नाटकवाले या सगळ्यांना तिथं आसरा होता, त्यामुळे शिकायला गाव सोडायची गरज पडली नाही.

बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले. १९१० ते १९१६ या काळात पडद्याच्या कामात या दोघांचं नाव सगळ्या पश्चिम भारतात झालं. मराठी संगीत नाटक कंपन्या तर होत्याच, गुजराती-पारशी कंपन्याही त्यांच्याकडून पडदे करून घेत. हे काम सोपं समजू नका. भलंमोठं कापड, त्याला अस्तर, वर रंग, आणि चित्र असं पाहिजे की शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही जंगल जंगलच वाटलं पाहिजे. जवळून बघाल तर नुसते फटकारे दिसतात.

त्यात १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. मुंबईच्या जुन्या बाजारातून सिनेमा दाखवायचं यंत्र आणलं. लोकांना सिनेमे दाखवायचे आणि दाखवता दाखवता त्यातली विद्या शिकायची, असा दुहेरी धंदा. कॅमेरा विकत घ्यायची ऐपत नव्हती म्हणून आनंदरावांनी तो स्वतःच बनवायला घेतला. पण १९१६ साली आनंदराव वारले आणि काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन १९१८ मध्ये तो कॅमेरा चालता केला. आपल्याकडे पंप बिघडला तर मेकॅनिक येईपर्यंत आठ दिवस बांधी सुकते, म्हणून ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मग महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. पैशाची मदत केली कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी. पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात लागला. त्यात बायकांची कामं बायकांनीच केली होती, त्या काळात ही सोपी बाब नव्हती. कीचकाचा वध तर असा दाखवला की सरकारला त्या भागावर कात्री लावावी लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

आता मुद्द्याची गोष्ट. सिनेमा आत कितीही चांगला असो, बाहेरच्या माणसाला तो दिसणार कसा? त्या वेळी गावोगाव जाहिरात म्हणजे बैलगाडी, बाजा आणि हातात वाटायची छापील कागदं. बाबूरावांनी आपल्या सिनेमांची भिंतीवरची चित्रं स्वतः रंगवली. पुढं लोक त्यालाच पोस्टर म्हणू लागले. कथा आणि फोटो छापलेल्या पुस्तिकाही त्यांनी १९२१-२२ च्या सुमारास वाटल्या. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं त्यांनी केलेलं पोस्टर भारतात शिल्लक राहिलेल्या सर्वांत जुन्या सिनेमा पोस्टरांत मोजलं जातं. त्याच चित्रपटाला इंग्लंडात वेम्बलीच्या प्रदर्शनात पदक मिळालं. पोषाख कसा, दागिना कोणता, हे सगळं ते आधी कागदावर काढून मग माणसाला घालायला लावत. त्यामुळे बाहेर चित्रात दिसेल तेच आत पडद्यावर दिसायचं. आमच्या धान्य महोत्सवात मी थैल्या पाहतो. वर हिरवंगार शिवार आणि आत कणी मिसळलेला तांदूळ. तेव्हा मला हे बाबूराव आठवतात.

'सिंहगड' १९२३ चा. त्यात शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली. गर्दी एवढी झाली की ती पाहूनच सरकारला करमणूक कर सुचला, असं सांगतात. तलाठी मंडळींना यात नवल वाटणार नाही.

पण त्यांचं जे काम आपल्या जवळचं, ते वेगळंच आहे. देवांचे आणि राजांचे सिनेमे तेजीत असताना १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. एक गरीब शेतकरी कर्जात फसतो, सावकार जमीन गिळतो, आणि तो शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. त्या तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं. भडक काही नाही. एक उदास झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं, एवढ्यावर त्या घरची दशा समजते.

सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या त्या १८७५ साली, म्हणजे तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती आणि शेतकरी होता तिथंच. महाराष्ट्रात सावकारीचा नवा कायदा २०१४ साली आला, तरी कोऱ्या कागदावर अंगठा देणारा माणूस मला अजून भेटतो. बाबूरावांनी हे १९२५ मध्ये पडद्यावर आणलं. जाणकारांनी वाखाणलं, पण तिकिटबारीवर मात्र चित्रपट चालला नाही. प्रेक्षकाला चमत्कार हवे होते, स्वतःचं दुःख पैसे देऊन कशाला पाहायचं? बाबूराव पुन्हा पुराणकथांकडे वळले. मला यात त्यांचा दोष दिसत नाही, कंपनीत पोटं भरायची होती.

पुढं १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम हे हाताखाली तयार झालेले गडी बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात कंपनी काढली. 'संत तुकाराम' तुम्ही पाहिला असेल, तो दामले-फत्तेलालांचा. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. बाबूरावांची कंपनी त्याआधीच बसली होती. पण त्यांचं बिऱ्हाड कोल्हापुरातच राहिलं. नंतर 'उषा', 'प्रतिभा' असे थोडे बोलपट केले, १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी'च्या दिग्दर्शनातही त्यांचं नाव आहे. बाकी वेळ चित्रं आणि मूर्ती, म्हणजे जिथून सुरुवात केली तेच काम. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच ते वारले.