यान इंगेनहाउस: पाण्यातल्या पानांचे बुडबुडे पाहणारे डॉक्टर

झाडं लावलेल्या फिश टँकमध्ये हौशी मंडळी सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडतात. रात्री तो बंद करावाच लागतो; नाहीतर सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात, कधी मेलेलेही. असं का होतं, याचं मूळ यान इंगेनहाउस यांच्या कामात सापडतं.

त्यांचा जन्म 8 डिसेंबर 1730 रोजी नेदरलँड्समधल्या ब्रेडा इथे झाला. ते पेशाने डॉक्टर. देवीची लस तेव्हा नव्हती. रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाला टोचत, आणि त्यात जिवाला धोका असेच. 1768 मध्ये त्यांनी व्हिएन्नात सम्राज्ञी मारिया टेरेसा यांच्या कुटुंबीयांना असं टोचलं. ते यशस्वी झालं आणि राजवैद्यपद, तहहयात वेतन मिळालं. पुढचे प्रयोग या निश्चिंतीमुळेच जमले असावेत.

मेणबत्तीने बिघडलेली हवा पुदिन्याचं रोप सुधारतं, हे जोसेफ प्रीस्टली यांना 1771 मध्ये दिसलं होतं. पण प्रयोग कधी जमे, कधी फसे. 1779 च्या उन्हाळ्यात इंगेनहाउस यांनी लंडनजवळ घर भाड्याने घेऊन जेमतेम तीन महिन्यांत पाचशेहून अधिक प्रयोग केले. पाण्यात बुडवलेली पानं उन्हात ठेवली की त्यांवर बुडबुडे धरत, अंधारात नेली की थांबत. हे काम उष्णतेचं नाही, उजेडाचं आहे, हेही त्यांनी तपासलं. बुडबुड्यांतला वायू म्हणजे ऑक्सिजन. अंधारात मात्र झाडं उलट हवा बिघडवतात.

कार्बन डायऑक्साइड हे झाडांचं खाद्य आहे, हे जिनिव्हाच्या सेनेबिए यांनी 1782 मध्ये मांडलं. इंगेनहाउस त्यांच्याशी बरीच वर्षं भांडले. 1796 च्या निबंधात मात्र झाडं कार्बन याच वायूतून घेतात, असं त्यांनी स्वतःच लिहिलं.

टँकचं गणित यावरच चालतं. दिवे असेपर्यंत झाडं गॅस घेतात. अंधारात झाडं आणि मासे दोघंही तो सोडतात. म्हणून टायमर लावून गॅस दिव्यांच्या तासभर आधी सुरू आणि तासभर आधीच बंद करतात. ड्रॉप चेकर, म्हणजे रंग बदलणाऱ्या द्रावणाची काचेची कुपी, हिरवी असेल तर प्रमाण लिटरला साधारण 30 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. ती पिवळी झाली तर गॅस बंद करून एअर पंप लावावा. कुपीचा रंग उशिरा बदलतो, म्हणून आधी माशांकडे बघा.

इंगेनहाउस 7 सप्टेंबर 1799 रोजी इंग्लंडमधल्या बोवुड इथे वारले. प्रीस्टली यांनी 1774 मध्ये ऑक्सिजन वेगळा केला, तोही याच वाड्यात.